गाणगापूर की बाणगंगा?

वाचकाचं पत्र

आदरणीय ताई,

मी इंदूरची, सुदामानगरात राहते. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, आमची मुलगी, नणंद आणि धाकटे दीर. भाऊजी 23 वर्षांचे आहेत. गणपतीपासून त्यांची झोप गेली. आधी वाटलं, परीक्षेचं टेन्शन असेल. मग म्हणायला लागले की समोरच्या घरातले लोक आपल्याबद्दल बोलतात, मोबाइलमधून आपल्यावर नजर ठेवतात. एकटेच पुटपुटतात, मध्येच हसतात, अंघोळ टाळतात. कॉलेज सुटलं.

सासूबाई म्हणतात, बाहेरची बाधा आहे. आजेसासूबाईंच्या अंगात अष्टमीला देवी यायची, म्हणजे घराण्यात हे आहेच. गुरुजींनी पत्रिका बघून पितृदोष सांगितला, म्हणून त्र्यंबकेश्वरला नारायण-नागबळी करून आलो. मग कोणीतरी भेरूजीच्या (भैरवाच्या) पडियाराकडे, म्हणजे अंगात देव येणाऱ्या भगताकडे, नेलं. त्यानं ताईत दिला आणि पाण्यातून घ्यायच्या पुड्या दिल्या. मध्ये एकदा आमच्या ह्यांनी हिंमत करून मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. त्या गोळ्यांनी भाऊजी दिवसभर झोपूनच राहायला लागले, तेव्हा दहाव्या दिवशी सासूबाईंनी गोळ्या बंद केल्या. आता त्या भाऊजींना गाणगापूरला नेणार आहेत, थेट दत्तजयंतीपर्यंत ठेवायला. सासरे म्हणतात, गोळ्या चहात मिसळून देऊ. मावससासूबाई म्हणतात, लग्न लावून द्या, आपोआप ताळ्यावर येईल.

मी स्वतः गुरुवारचा उपास करते, देव मानते. पण मला भीती वाटते. मी सून, माझं कोण ऐकणार? शिवाय नणंदेसाठी स्थळं बघतोय. त्या लोकांना कळलं तर?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आधी सरळ उत्तर देते, मग बाकीचं बोलू. गाणगापूरला जायला माझी हरकत नाही. औषधाशिवाय जायला मात्र आहे. तिकिटं काढण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या, याच आठवड्यातली.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि कोणी करूही नये. पण रात्र रात्र झोप नसणं, लोक पाळत ठेवतात ही पक्की खात्री, एकट्यानं बोलणं-हसणं, अंघोळ आणि कॉलेज दोन्ही सुटणं, हे सगळं मिळून दोन-अडीच महिने चाललं असेल तर डॉक्टरांच्या मनात पहिला शब्द येतो तो सायकोसिस, म्हणजे खरं काय आणि भास काय हे मनाला कळेनासं होणं. ताप जसा मलेरियानंही येतो आणि टायफॉइडनंही, तसं सायकोसिसमागे वेगवेगळे आजार असू शकतात. स्किझोफ्रेनिया असेल, बायपोलर आजारातला मॅनिया, म्हणजे मनाचा टोकाचा उधाणलेला काळ, असेल, कधी थायरॉइड, एपिलेप्सी किंवा मेंदूला आलेली सूज असते. म्हणून पहिल्या खेपेला रक्ताच्या तपासण्या आणि शरीराची नीट तपासणी व्हायला हवी. आणखी एक गोष्ट तुमच्या मिस्टरांनी भावाला एकांतात, दरडावल्याशिवाय विचारावी: गांजा किंवा भांग घेतोस का? आपल्या माळव्यात महाशिवरात्रीची भांग म्हणजे प्रसाद, तिला कोणी नशा म्हणत नाही. पण ज्याचा मेंदू आधीच नाजूक झालाय, त्याला ती फार महागात पडू शकते. डॉक्टरांना हे खरं खरं कळलं पाहिजे. आणि घाई एवढ्यासाठी की सुरुवातीचा काळ जितका बिनउपचाराचा जातो, तितकं पुढे माणूस पूर्ववत होणं अवघड होतं. हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलंय.

आता आजेसासूबाईंच्या देवीकडे येते, कारण तुमच्या घरातला वाद तिथेच अडकलाय. अष्टमीला महालक्ष्मीपुढे घागरी फुंकताना बाईच्या अंगात येणं आपल्या घरांना नवं नाही. ती बाई आजारी का? नाही, आणि मानसोपचाराची पुस्तकंही तसं म्हणत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात अंगात येण्याचा विकार वेगळा नोंदलाय, पण त्याच्या व्याख्येतच अट आहे: समाजानं मान्य केलेल्या धार्मिक रीतीचा तो भाग असेल तर त्याला विकार म्हणायचं नाही. ते माणसाला नकोसं असेल, त्याचा त्रास होत असेल, रोजचं जगणं मोडत असेल, तर विकार. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं तिसरं कलमही सांगतं की समाजाच्या धार्मिक समजुतींशी एखाद्याचं पटत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही.

तेव्हा सासूबाईंना विचारा. भांडायला नव्हे, खरंच जाणून घ्यायला. देवी कधी यायची, किती वेळ राहायची, गेल्यावर आजी काय करायच्या? बहुतेक असं कळेल की अष्टमीच्या रात्री यायची, आरती झाली की जायची, आणि दुसऱ्या दिवशी आजी पहाटे उठून पुरणाला लागायच्या. भाऊजींचं तसं आहे का? त्यांच्या त्रासाला ना अष्टमी ठाऊक, ना आरती. तो सकाळीही असतो आणि रात्री तीन वाजताही. आजींच्या पाया पडायला बायका यायच्या, त्यांना मान मिळायचा. भाऊजींच्या वाट्याला नुसती भीती आलीय. हा फरक सासूबाईंना तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल, कारण त्यांनी दोघांनाही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

सासूबाई अडाणी आहेत असं तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही, ते बरं केलंत. बाधा म्हटली की मुलात दोष उरत नाही, आईच्या वाढवण्यात उरत नाही, रक्तातही नाही. कोणीतरी येऊन बसलंय, त्याला घालवलं की मुलगा होता तसा परत मिळेल. शिवाय आईच्या हाताला काम राहतं: संकल्प सोडायचा, उपास धरायचा, कुठे जायचं-यायचं. दवाखान्यात काय मिळतं? घाईघाईत सांगितलेलं एक अवघड नाव, आणि ‘पंधरा दिवसांनी या’. या दोन्हींतलं आई काय धरून बसेल, हे उघड आहे. म्हणून पुढच्या भेटीत सासूबाईंना बरोबर न्याच आणि डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघून सांगावं अशी विनंती आधीच करून ठेवा: हे तुमच्या संस्कारांमुळे झालेलं नाही, पापामुळे नाही, यावर औषध आहे, आणि रोज ते वेळेवर देणं हे तुमचं काम.

बाधेच्या समजुतीची एक दुसरी बाजू आहे, ती तुम्हाला सून म्हणून माहीत असलेली बरी. विधी करूनही बाधा गेली नाही की दोष कुणाच्या तरी माथी मारावा लागतो. मग उपासात खोट निघते, कोणाची तरी दृष्ट निघते, आणि घसरत घसरत गोष्ट घरात बाहेरून आलेल्या बाईपर्यंत येते. तुमच्या पत्रात अजून तसं काही नाही. तशी कुजबुज सुरू होण्याआधीच गाडी दवाखान्याकडे वळलेली बरी.

म्हणून कारणावर वाद घालूच नका. पितृदोष नसतोच असं म्हणालात की सासूबाई पितरांच्या बाजूनं उभ्या राहतील, आणि भाऊजी मधल्या मध्ये राहतील. तुम्ही बोलायचं ते झोपेवर, जेवणावर, गोळ्यांच्या वेळेवर. ‘आई, पितरांचं आपण यथासांग केलं. आता त्याची झोप डॉक्टरांना बघू दे. पूजाही चालू ठेवू.’ एवढंच वाक्य पुरे आहे, आणि ते तुम्ही म्हणायचं नाही, तुमच्या मिस्टरांनी म्हणायचं. एकदा त्यांनी हिंमत दाखवलीय, ती पुन्हा दाखवावी. तुमचं कोणी ऐकणार नाही असं मला वाटत नाही. पण दिराच्या औषधांचा निर्णय सुनेनं रेटला, तर उद्या प्रत्येक गुंगी, प्रत्येक उलटी तुमच्या खात्यावर जमा होईल.

दुसरा माणूस म्हणजे गुरुजी. त्यांच्याकडे सासूबाईंच्या आधी जाऊन या. ‘औषध चालू ठेवून पूजा करता येते, गोळीनं उपास मोडत नाही’ हे त्यांच्या तोंडून आलं पाहिजे. बहुतेक गुरुजी आनंदानं सांगतात, त्यांच्याही घरात बीपीच्या गोळ्या असतात. गुरुजींना शास्त्राधार हवाच असेल तर चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार आहेत: वाताचा, पित्ताचा, कफाचा, तिन्ही दोष मिळून होणारा, आणि पाचवा आगंतू. म्हणजे बाहेरचं कारण मानणाऱ्या वैद्यानंही पाचातले चार शरीरातच शोधले होते.

गोळ्या बंद केल्याबद्दल सासूबाईंवर चिडू नका. या औषधांची गुंगी पहिल्या-दुसऱ्या दिवशी दिसते, खरा गुण यायला काही आठवडे लागतात. म्हणजे पहिल्या पंधरवड्यात घरच्यांना फक्त तोटा दिसतो, आणि नेमकी तेव्हाच बहुतेक घरं औषध सोडतात. गुंगी फार असेल तर डॉक्टर मात्रा कमी करतात, सगळी मात्रा रात्रीवर नेतात किंवा औषध बदलतात. अंग आखडणं, हात थरथरणं, एका जागी बसवेनासं होणं, वजन वाढणं, हेही होऊ शकतं आणि त्यावरही उपाय असतात. फक्त ते डॉक्टरांना कळवायचं, परस्पर बंद करायचं नाही. आणि एक सांगा सासूबाईंना: ज्या पोराला दोन महिने झोप नव्हती, ते त्या दहा दिवसांत झोपलं होतं.

चहात गोळी अजिबात नको. सासऱ्यांचा हेतू चांगला आहे, मला कळतं, कित्येक घरांत हे चालतं. पण ज्याला आधीच वाटतंय की सगळे मिळून आपल्याविरुद्ध काहीतरी करतायत, त्याच्या चहात गुपचूप काही घालणं म्हणजे त्याचा संशय खरा करून देणं. कधीतरी चव लागते, कप तळाशी पांढरा दिसतो. त्या दिवसापासून तो घरचं पाणीही घेणार नाही. त्याऐवजी डॉक्टरांना विचारा. तोंडात विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात, पातळ औषध मिळतं, आणि पुढे त्यांची तयारी असेल तर दोन-चार आठवड्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शनही असतं.

पडियाराच्या पुड्या आजच थांबवा. त्यांत काय आहे हे आपल्याला माहीत नाही, आणि अनोळखी भुकटी या औषधांबरोबर पोटात जाणं धोक्याचं आहे. उरलेली एक पुडी डॉक्टरांना दाखवायला ठेवा. ताईत असू दे गळ्यात, तो कोणाला त्रास देत नाही. अंगारा कपाळाला लावा, पाण्यात कालवू नका.

मावससासूबाईंना चहा द्या आणि विषय बदला. कोणाची मुलगी ही आपल्या मुलाच्या आजारावरचं औषध नसते. शिवाय आजार लपवून लावलेलं लग्न हिंदू विवाह कायद्याखाली कोर्टात रद्द होऊ शकतं, हे त्यांच्या कानावर घालायला हरकत नाही.

आता गाणगापूर. निर्गुण पादुकांचं दर्शन, भीमा-अमरजेच्या संगमावरचं स्नान, मधुकरी, सेवा, यांतून माणसाला आधार मिळतो हे मी नाकारणार नाही. 2002 साली बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी तामिळनाडूतल्या एका लहानशा देवळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे मुक्कामाला आलेल्या 31 मनोरुग्णांची तपासणी येताना आणि जाताना केली होती. देवळात ना साखळ्या, ना मारझोड, ना कसला खास विधी. सकाळची पूजा, झाडलोट, झाडांना पाणी, आणि सोबत राहिलेलं घरचं माणूस. सरासरी सहा आठवड्यांच्या मुक्कामात लक्षणं सुमारे 20 टक्क्यांनी उतरली. तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून यावरून फार मोठं काही सिद्ध होत नाही. पण शांत जागा, ठरलेला दिनक्रम आणि न हिणवणारी माणसं यांचा गुण येतो, असं मला त्यातून दिसतं. तो 20 टक्के येतो, हेही विसरू नका.

त्याच तामिळनाडूत एरवाडीला, दर्ग्याच्या आसऱ्यानं चालणाऱ्या एका खासगी आश्रमात, 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली आणि साखळ्यांनी बांधून ठेवलेले 28 मनोरुग्ण जळून गेले. 2017 च्या कायद्याच्या 95व्या कलमानं मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधायला बंदी घातलीय. गाणगापूर असो, मेहंदीपूर बालाजी असो की आपल्या जवळची जावऱ्याची हुसेन टेकरी, देवस्थानाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण कोणी ‘आमच्याकडे सोडून जा, आम्ही बघतो’ म्हणालं, तर भाऊजींना घेऊन त्याच गाडीनं परत या.

गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 2008 मध्ये एक उपक्रम सुरू झाला. मुजावर आणि मानसोपचारतज्ज्ञ हातात हात घालून काम करतात, दुवा मागायला आलेल्याला दवाही मिळते. गाणगापुरात अशी सोय तयार मिळेल असं धरून चालू नका, ती तुम्ही बरोबर न्यायची. औषध सुरू होऊन काही आठवडे झाले, झोप लागली, डॉक्टर हो म्हणाले, की मग तीन-चार दिवसांसाठी जा. महिनाभर नको. मिस्टर बरोबर हवेत. गोळ्या आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. रात्रीचं जागरण नाही, कारण झोप तुटली की हा आजार उसळतो. निर्जळी उपास नाही. डॉक्टरांनी लिथियम नावाचं औषध दिलं असेल तर पाणी आणि मीठ तोडणं विषबाधेपर्यंत जाऊ शकतं. आणि दत्तजयंतीला तर नकोच. ज्याला चार शेजाऱ्यांच्या नजरा सोसत नाहीत, त्याला त्या गर्दीत उभं करणं हा छळ आहे. जयंती उलटून गर्दी ओसरली की जा. दत्तमहाराज काही तिथीचं भांडण काढणार नाहीत.

दाखवायचं कुठे? आधीच्याच डॉक्टरांकडे गेलात तर उत्तम, त्यांना निम्मी गोष्ट माहीत आहे. खर्चाची अडचण असेल तर एमवाय या सरकारी रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी आहे आणि बाणगंगेचं मानसिक रुग्णालय आहे. बाणगंगेचं नाव काढलं की घरात चेहरे उतरतात, ठाऊक आहे मला. पण ओपीडीत दाखवून, औषध घेऊन लोक घरी जातात. दाखवणं म्हणजे भरती करणं नाही.

डॉक्टरांना सगळं सांगा. नागबळी, ताईत, पुड्या, गाणगापूरचा बेत, सासूबाईंना काय वाटतं ते. लाजू नका. अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-5 या निदानाच्या पुस्तकात 2013 पासून 16 प्रश्नांची एक मुलाखतच दिलीय. त्रासाला घरात काय म्हणतात, कारण काय वाटतं, आतापर्यंत कोणाकोणाची मदत घेतली, असे प्रश्न तिच्यात आहेत. चांगला डॉक्टर हे विचारतोच. ताईत बघून हसणारा भेटला तर दुसरा शोधा, मात्र दरम्यान औषध थांबवू नका. आणि एक बारीकशी गोष्ट. आपल्याकडे डॉक्टर हिंदीत विचारतात, पेशंटही हिंदीत ‘सब ठीक है’ म्हणून मोकळा होतो. भाऊजींना ऐकू येतं ते बहुधा मराठीत येत असेल. त्यांना मराठीतच सांगू द्या, मिस्टर हिंदीत सांगतील.

ते यायलाच तयार नसतील तर पहिल्या खेपेला त्यांच्याशिवाय जाऊन सल्ला घ्या. 14416 या टेलि-मानसच्या सरकारी नंबरवर दिवसरात्र फुकट बोलता येतं, घरचेही बोलू शकतात. भाऊजींशी वाद घालू नका की ‘कोणी बोलत नाही, तुला भास होतो’. ‘हो, ते बोलतात खरे’ असंही म्हणू नका. ‘तुम्हाला ऐकू येतं, मला येत नाही. पण तुमची झोप गेलीय आणि त्यानं तुमचे हाल होतायत, ते मला दिसतं. झोपेसाठी जाऊ या’ असं म्हणा. ते तुम्हाला वहिनी म्हणतात, कदाचित तुमच्याबरोबरच येतील. झोप हवी, यावर तुमच्या घरात भाऊजींसकट सगळ्यांचं एकमत आहे.

मरणाच्या गोष्टी काढल्या, आवाज कोणाला मारायला किंवा स्वतःला इजा करायला सांगतायत असं म्हणाले, खाणंपिणं पूर्ण सुटलं, किंवा ताप येऊन अंग ताठरलं, तर वेळ घेत बसू नका. तेव्हाच्या तेव्हा मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या. नकार असला तरी अशा वेळी नातेवाइकाच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून, ठरावीक मुदतीसाठी दाखल करून घ्यायची तरतूद कायद्यात आहे.

राहिलं नणंदेचं स्थळ. पहिल्या चहापोह्यांना भावाचा केसपेपर काढायची गरज नाही. पण बोलणी पुढे सरकली तर साखरपुड्याआधी तिनं स्वतः मुलाला सांगावं: माझ्या भावाला आजार आहे, उपचार चालू आहेत. अशा आजारांत भावंडांना धोका थोडा जास्त असतो, पण बहुतेक भावंडांना तो आजार होत नाही, हे तिलाही डॉक्टरांकडून ऐकू दे. तिच्या मनात ती भीती असणारच, ती कोणी विचारत नाहीये एवढंच. लपवाल तर किती दिवस? मुलगा महिनाभर गाणगापूरला ठेवलाय ही बातमी रामबागेतून सुदामानगरात यायला व्हॉट्सअॅपही लागत नाही. तेव्हा साखरपुड्याची तारीख निघाली तरी ती भाऊजींच्या ओपीडीच्या दिवसाशी गाठ घालणारी नको.